फुटेज आधी राखून ठेवा, द्यायचं की नाही ते नंतर ठरवा

सोलापुरात आता कॅमेरा नसलेला चौक शोधावा लागतो. नवी पेठेतली कापड दुकानं, अशोक चौकातली मेडिकल, सात रस्त्यावरच्या बँका, जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटची गेटं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने, सगळीकडं वर बघितलं की एक तरी कॅमेरा दिसतोच, शिवाय पोलिसांचे आणि महापालिकेचे वेगळे. आणि तरीसुद्धा अपघात झाला, मंगळसूत्र ओढलं, गाडी चोरीला गेली, कुणी अडवून मारलं, तर ज्याच्यावर बेतलंय त्या माणसाच्या हातात ते फुटेज येत नाही. बरं, कुणी तोंडावर नाही म्हणतं असंही नसतं, सगळे बघू म्हणतात, पत्र आणा म्हणतात, साहेब आल्यावर या म्हणतात, आणि हो का नाही हे ठरेपर्यंत ते फुटेजच मशीनमधून गेलेलं असतं.

माझं म्हणणं एकच आहे. यात दोन वेगवेगळे निर्णय आहेत आणि आपण ते एकत्र कालवून टाकलेत. एक, फुटेज राखून ठेवायचं की नाही. दोन, ते कुणाला दाखवायचं, कुणाला कॉपी द्यायची. दुसऱ्या निर्णयाला वेळ लागू द्या, विचार करा, नियम लावा, कोर्टात जायची वेळ आली तर तिथंही जाऊ. पण पहिल्याला कुणाच्या परवानगीची गरजच नसली पाहिजे. ज्याच्याबाबतीत घटना घडली त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी वेळ आणि जागा सांगून मागणी केली की त्याच दिवशी तेवढा तुकडा बाजूला काढून ठेवणं कॅमेरावाल्याला बंधनकारक पाहिजे, मग तो दुकानदार असो, सोसायटी असो, पोलीस असो की महापालिका.

आता मशीन कसं चालतं ते जरा बघू, कारण सगळी गोम तिथं आहे. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, हार्ड डिस्क असते, ती भरली की मशीन कुणाला न विचारता सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच्यावर नवीन चढवतं. २ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास लावलेला असेल तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी जागा खातो, असे चार कॅमेरे म्हणजे रोजचे ८५ जीबीच्या वर, आणि लहान दुकानात बऱ्याचदा १ टीबीची डिस्क असते, म्हणजे अकरा-बारा दिवसांत गोल फिरून परत पहिल्यापासून. तेवढ्याच डिस्कवर आठ कॅमेरे असतील तर सहा दिवससुद्धा पुरत नाहीत. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग असं सेटिंग असलं तर थोडं जास्त टिकतं, पण आपल्या रस्त्यांवर हालचाल थांबते कधी.

आणि आपल्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत किती, तर माहिती अधिकार कायदा २००५ प्रमाणे ३० दिवस. नाही मिळालं तर पहिलं अपील, त्याला आणखी ३० दिवस, कारण लेखी दिलं तर ४५ पर्यंत. नंतर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, तिथं तर विचारूच नका. मशीनला बारा दिवसांची आठवण आणि ऑफिसला तीस दिवसांची मुदत, हे गणितच जुळत नाही, आणि ते जुळत नाही याचा तोटा फक्त एकाच बाजूला होतो.

आमच्या भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचं सांगतो. पाळी सुटल्यावर सायकलवर घरी येत होता, मागून छोटा टेम्पो धडकला, थांबला नाही, डावी मांडी मोडली. मुलगा बारावी झालेला, हुशार पोरगं. आईला दवाखान्यात बसवून तो सकाळी सरळ त्या वळणावर गेला, मी पण सोबत होतो, आणि मान वर करून एकेक दुकान बघत चालला. एका हार्डवेअरच्या दुकानाचा कॅमेरा बरोब्बर रस्त्याकडं वळलेला. आत डीव्हीआर कुठं, तर गल्ल्याच्या वर लाकडी फळीवर, पेंटच्या डब्यांच्या मागं, धुळीनं पांढरा झालेला, मॉनिटर वगैरे काही नाही, बघायचं ते मालकाच्या मोबाईलमधल्या ॲपवर. पोरगं तेलुगूत बोललं, मालकसुद्धा घरी तेलुगूच बोलणारा, माणूस अजिबात वाईट नव्हता.

"अण्णा, नुसतं बघू द्या की. नंबर दिसला तर लिहून घेतो, बाकी काय नको."

"बघायला काय नाही रे बाळा, पण उद्या पोलिसांनी विचारलं कुणाला विचारून दाखवलास, तर मी काय सांगू? पत्र आण, लगेच देतो."

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारानं अर्ज घेतला, वागणूक बरी होती, पण तपास ज्यांच्याकडं ते बंदोबस्ताला गेलेले, ते आल्यावर पत्र निघेल म्हणाले. पोरगं चकरा मारत राहिलं. शेवटी पत्र निघालं, हवालदार दुकानात आले, मालकानं ॲप उघडून तारखा मागं सरकवायला सुरुवात केली, आणि जिथं सरकणं थांबलं ती तारीख अपघाताच्या पुढची होती. मालकाचं तोंड उतरलं. पोरगं काहीच बोललं नाही, मोबाईलच्या स्क्रीनकडं बघत उभं राहिलं.

या सगळ्यात मला एकही वाईट माणूस दिसत नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. दुकानदाराला फुटेज जपून ठेवायला कुठलाच कायदा अडवत नव्हता. पहिल्याच दिवशी तेवढा एक तास पेन ड्राइव्हवर उतरवून गल्ल्यात टाकला असता, कुणाला दाखवला नसता, दिला नसता, तरी चाललं असतं. पण ते त्याच्या डोक्यात आलं नाही, आमच्याही नाही, ठाण्यात पण कुणी म्हणालं नाही की पत्र नंतर येईल तोवर सेव्ह करून ठेवायला सांगा. कारण आपल्याकडं फुटेज म्हटलं की देणं किंवा न देणं एवढंच सुचतं.

हे फक्त मनाच्या समाधानाचं प्रकरण नाही, याच्यात सरळ पैसा आहे, घर चालणं आहे. गाडीचा नंबर मिळाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गाडीच्या विमा कंपनीविरुद्ध दावा लावता येतो, त्यात दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढं काम जमणार नसेल तर त्याची भरपाई, सगळं मोजलं जातं. नंबर नाही मिळाला तर कागदावर 'अज्ञात वाहन', आणि मग मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालची हिट अँड रनची योजना, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, तिच्यात मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर ५० हजार, बास. त्याचाही अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडं करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. मांडी मोडलेला माणूस परत मागावर उभं राहीपर्यंत किती महिने जातात, त्या घराला ५० हजार कुठं पुरणार. म्हणजे त्या फळीवरच्या धुळकट डब्यात जे काही सेकंदांचं चित्र होतं त्याच्यावर एका घराची पुढची काही वर्षं ठरणार होती.

आणि सोलापुरात ही वेळ कधीमधी येणारी नाही. पुणे-हैदराबाद महामार्ग, विजापूरकडं जाणारा महामार्ग, अक्कलकोट रोड, तुळजापूर रोड, चारी बाजूंनी अवजड गाड्या शहराला घासून जातात आणि काही आतून जातात, जड वाहतुकीवरून इथं किती वर्षं आंदोलनं चाललीत हे सगळ्यांना माहीत आहे. पहाटे आणि रात्री रस्त्यावर कोण असतं, तर पाळीचे कामगार, भाजीवाले, दूधवाले, घरकुलातनं विड्यांचं काम पोचवायला निघालेल्या बायका. यांच्यातल्या कुणाकडं डॅशकॅम, म्हणजे गाडीवर लावायचा कॅमेरा, नाही आणि ओळखीचा वकील पण नाही.

दुसरीकडं बघा, मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोघांना चिरडलं, तेव्हा गाडी चालवणारा मुलगा त्याआधी कुठं बसला होता, काय पीत होता याचं पबमधलं फुटेज लगेच बाहेर आलं आणि अख्ख्या राज्यानं बघितलं. आलं ते चांगलंच झालं, त्याशिवाय तपास हलला नसता. पण म्हणजे हे जमतं. मशीन तेच, कायदा तोच, फक्त सगळ्यांचं लक्ष होतं. ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नाही त्याच्यासाठीच तर नियम लागतो.

आता पोलिसांची बाजू. मी त्यांना झोडपायला बसलेलो नाही. जानेवारीत गड्डा यात्रा, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका, आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त, गणपती, नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची गर्दी, माणसं कमी आणि काम डोंगराएवढं. पण म्हणूनच म्हणतो की राखून ठेवायचं काम तपासी अंमलदाराच्या रिकाम्या वेळेवर सोडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला इलेक्ट्रॉनिक वस्तू, रेकॉर्ड हजर करायचा लेखी आदेश काढता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, हे कलम ९१ होतं. ते पत्र ठाण्यातनं निघायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, तोवर ठाणे अंमलदारानं तक्रार घेतली की लगेच त्या दुकानदाराला एक मेसेज पाठवायचा, अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेचं रेकॉर्डिंग राखून ठेवा, डिलीट होऊ देऊ नका, एवढंच. याला बंदोबस्त आडवा येत नाही. अपघाताच्या बाबतीत तर केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी ४८ तासांच्या आत प्रथम अपघात अहवाल द्यायचा असं ठरवलेलंच आहे, त्या ४८ तासांत कॅमेरे शोधून मेसेज टाकणं हा त्याचाच भाग करता येईल.

सरकारी कॅमेऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना माहीत नाही आणि ती माहीत पाहिजे. माहिती अधिकार कायद्यात माहिती म्हणजे फक्त कागद नव्हे, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं काहीही येतं, व्हिडिओ येतो. आणि कलम २० मध्ये लिहिलंय की मागितलेली माहिती नष्ट केली तर जनमाहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे चौकातल्या पोलिसांच्या किंवा महापालिकेच्या कॅमेऱ्याचं फुटेज तुम्ही दहा रुपयांचा अर्ज टाकून मागितलं की त्या क्षणापासून ते राखून ठेवायची जबाबदारी त्या ऑफिसवर आली. 'मशीननं आपोआप पुसलं' हे उत्तर माझ्या मते चालू नये, कारण अर्ज हातात असताना मशीनला पुसू देणं हे पण नष्ट करणंच झालं. तपास चालू आहे म्हणून देता येत नाही हे उत्तर पण डोळे झाकून मान्य करू नका, कलम ८(१)(ज) त्यासाठी आहे हे खरं, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ सालीच भगत सिंग प्रकरणात सांगितलंय की नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्यानं तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागेल. आणि समजा खरंच अडथळा येतोय, तर आज देऊ नका, पण ठेवा तरी. अडचण अशी की हा कायदा खासगी दुकानाला लागू नाही, आणि आपल्या गल्लीबोळातलं बहुतेक फुटेज तर दुकानदारांकडंच आहे.

दुकानदारांची भीती मला पूर्ण समजते, आणि ती दूर केल्याशिवाय कुठलाही नियम चालणार नाही. त्यांना फुटेज द्यायला जिवावर येत नाही, त्यांना पुढचं नको असतं. डीव्हीआर जप्त झाला की पंचनामा, मग मशीन मुद्देमालात पडून, दुकान तोवर कॅमेऱ्याविना, परत मिळवायला कोर्टात अर्ज. वर साक्षीला बोलावणार ते वेगळंच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, भाग अ मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमध्ये काही बदललं तर लगेच कळावं म्हणून काढलेला कोड, तो पण लिहायचा. किराणा दुकान चालवणाऱ्या माणसानं हा फॉर्म बघितला तर तो घाबरणारच. म्हणून पोलिसांनी मशीन उचलून न्यायच्या ऐवजी तिथंच पंचांसमोर कॉपी काढावी, हॅश तिथंच काढावी, फॉर्म स्वतः भरून द्यावा आणि दुकानदाराची फक्त सही घ्यावी, वर त्याला पोच द्यावी की तुम्ही सहकार्य केलं. मशीन जागेवर राहिलं तर निम्मी भीती तिथंच संपते. नंबर बघायला म्हणून मॉनिटरचा मोबाईलवर व्हिडिओ काढला तर ठीक, पण पुरावा म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल तर दबून लहान होते, हॅश बदलते, नंबर प्लेट पुसट होते, म्हणून मशीनमधनं थेट काढलेली मूळ फाईलच पाहिजे.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर जालन्याची केस सांगायला पाहिजे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतले असा आरोप होता, आणि त्याचा पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. निवडणुकीला आव्हान देणाऱ्यांनी रेकॉर्डिंगसोबतचं प्रमाणपत्र परत परत मागितलं, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावानं ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला, प्रमाणपत्र लागतंच, पण माणसानं मिळवायचे सगळे प्रयत्न करूनही समोरच्यानं दिलं नाही तर त्याची शिक्षा त्या माणसाला नको. त्याच निकालात कोर्टानं मोबाईल आणि इंटरनेट कंपन्यांना सांगितलं की तपासात घेतलेल्या काळातले कॉल रेकॉर्ड आणि इतर नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवा, कारण त्या कंपन्यांकडं त्या ठरावीक काळच राहतात आणि खटला उभा राहतो तेव्हा संपलेल्या असतात. मी कॅमेऱ्यांबद्दल जे म्हणतोय ते याच्यापेक्षा वेगळं काय आहे?

त्याच वर्षी २ डिसेंबरला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचाच पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दल निकाल आला. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे, लॉकअप, वऱ्हांडा, आतबाहेर जायचे रस्ते, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग १८ महिने टिकलं पाहिजे, तेवढं शक्य नसेल तर कमीत कमी एक वर्ष. एवढी लांब मुदत का, कारण मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार करायला जात नाही, तो घाबरलेला असतो, सुटून येतो, कुणीतरी धीर देतं, मग जातो. कोर्टानं माणसाचा वेळ धरून मशीनचा वेळ ठरवला. रस्त्यावर बरोबर उलटं चाललंय, मशीनचा वेळ ठरलेला आणि जखमी माणसानं त्याच्या मागं धावायचं.

शेजारच्या कर्नाटकात आणि तेलंगणात सार्वजनिक सुरक्षेचे कायदे आहेत, गर्दीच्या आस्थापनांनी कॅमेरे लावायचे आणि रेकॉर्डिंग ३० दिवस ठेवून पोलिसांनी मागितलं की द्यायचं. आपल्या निम्म्या सोलापूरचे पाहुणे तिकडंच असल्यामुळं हे इथं बऱ्याच जणांना माहीत असतं. चांगलं आहे, पण त्यातही फुटेज आहे ते पोलिसांसाठी. ज्याचा पाय मोडला त्याला स्वतः जाऊन राखून ठेवा म्हणायचा हक्क पाहिजे. युरोपात आणि इंग्लंडमध्ये माणूस दुकानाला, ऑफिसला सरळ लिहू शकतो की अमुक वेळेला मी तुमच्या कॅमेऱ्यात होतो, माझं फुटेज द्या, आणि साधारण एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं, बाकीच्यांचे चेहरे धूसर करून. तिकडचं जसंच्या तसं इथं चालेल असं मी म्हणत नाही, पण कॅमेऱ्यात जो दिसतो त्याचाही त्या चित्रावर काही हक्क आहे हा विचार तरी आपल्याकडं आला पाहिजे.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप, आणि हा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. कुणालाही फुटेज मागता आलं तर काय होईल. पोरगी घरातनं निघून गेली, तिला जातीबाहेर लग्न करायचंय, आणि तिचा भाऊ एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर जाऊन म्हणतोय दाखवा ती कुणासोबत गेली. नवरा बायकोवर पाळत ठेवतोय. घरमालक भाडेकरूकडं कोण येतं ते मोजतोय. अशा माणसाच्या हातात फुटेज गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि आपल्या भागात असे जीव गेलेत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, तो हक्क त्या पोरीचा पण आहे. म्हणून मी फुटेज सगळ्यांना वाटा असं म्हणतच नाही. माझ्या मांडणीत त्या भावानं खोटं सांगून मागणी केली तरी काय होतं, तर एक तुकडा बंद पाकिटात पडून राहतो, त्याला दिसत नाही, आणि मुदत संपली की पुसला जातो. राखून ठेवल्यानं त्या पोरीचं काही बिघडत नाही. बघायला मिळणं पोलिसांसमोर, कॉपी मिळणं गुन्हा नोंद असेल किंवा दावा लावायचा असेल तर, आणि तीही घटनेपुरती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातसुद्धा कलम १७ मध्ये कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी लागत असेल तर सूट आहे, त्यामुळं प्रायव्हसीचं नाव सांगून जखमी माणसाला परत पाठवणं बरोबर नाही.

आणि खासगीपणाचं म्हणाल तर तो आत्ता कुठं जपला जातोय? ज्या अपघाताचं फुटेज घरच्यांना मिळत नाही तेच संध्याकाळपर्यंत गावभर व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, कुणीतरी मॉनिटरवरनं मोबाईलनं शूट केलेलं, माणूस उडतोय, रक्त दिसतंय, खाली हात जोडलेले इमोजी. त्या माणसाची बायको ते भाच्याच्या मोबाईलवर बघते. म्हणजे ज्याला अधिकार नाही त्याच्याकडं फुटेज आहे आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडं नाही. पहिल्या दिवशी तुकडा बाजूला काढून नोंद झाली, कुणी काढला कुणाच्या ताब्यात आहे हे लिहिलं गेलं, तर ही गळती पण कमी होईल, कारण मग विचारायला एक नाव असेल.

शाळांचं तर अजून वेगळं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला सरकारनं शाळांत कॅमेरे सक्तीचे केले, शाळेचं फुटेजच मिळत नाही हा त्या प्रकरणातला मोठा मुद्दा होता. लहान लेकरू घरी येऊन त्याच दिवशी नीट सांगत नाही, आठवड्यानं सांगतं, कधी महिन्यानं. तिथं बारा दिवसांचं मशीन लावून काय उपयोग, तिथं मुदतच मोठी पाहिजे.

निवडणूक आयोगानं मे २०२५ मध्ये मतदानाचं फुटेज निकालानंतर ४५ दिवसच ठेवायचं असं ठरवलं आणि त्याच्यावर बरीच टीका झाली, आपल्या जिल्ह्यात मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायचं ठरवल्याचं प्रकरण तेव्हा ताजं असल्यामुळं इथं जास्तच. तो वाद मोठा आहे, आत्ता त्यात शिरत नाही, पण ४५ हा आकडा निवडणूक याचिकेच्या मुदतीवरनं आलाय. म्हणजे तक्रार करायला जेवढी मुदत तेवढं तरी फुटेज टिकलं पाहिजे एवढं तत्त्व सरकारी पातळीवर मान्य आहे. मग अपघात दाव्याला मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तिथं हेच तत्त्व का नको?

खर्चाचं कुणी सांगू नये. सगळं रेकॉर्डिंग सहा महिने ठेवा असं कुणी म्हणत नाही, त्याला मोठ्या डिस्क लागतील. एक तासाचा एका कॅमेऱ्याचा तुकडा वर सांगितलेल्या हिशोबानं ९०० एमबी होतो, एक जीबी पण नाही. साध्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर असे तीसेक तुकडे बसतात. पोलीस व्यापाऱ्यांना एक कॅमेरा रस्त्याकडं लावा म्हणून सांगतात, लोक लावतात पण, आता त्याच बैठकीत दुसरं वाक्य सांगायचं की कुणी अपघात, मारामारी, चोरी सांगत आलं तर तेवढा तास उतरवून ठेवा, द्यायचं काय ते आम्ही बघू, तुमच्यावर काही येणार नाही. पोलीस आयुक्तालयाच्या एका परिपत्रकाचं काम आहे, विधानसभेत कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. महापालिकेनं आपल्या कॅमेऱ्यांसाठी आज ठरवलं तर उद्यापासून होईल.

तोपर्यंत कुणावर अशी वेळ आली तर त्याच दिवशी, दवाखान्यातनं कुणाला तरी पाठवून, दोन साधे अर्ज द्या, एक दुकानदाराला किंवा सोसायटीला, एक पोलीस ठाण्याला, आणि चौकात सरकारी कॅमेरा असेल तर माहिती अधिकाराचा तिसरा. पहिल्या दोन अर्जांत फुटेज द्या असं आधी लिहूच नका. असं लिहा की अमुक तारखेला अमुक ठिकाणी घटना झाली, त्याच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं रेकॉर्डिंग पोलीस किंवा कोर्टाच्या आदेशापर्यंत राखून ठेवावं ही विनंती, मी आत्ता बघायला मागत नाही. हे वाक्य वाचलं की समोरच्याची अर्धी भीती जाते, हा माझा अनुभव आहे. पोच घ्या, ठाण्यात असाल तर आवक नंबर घ्या, दुकानदार सही देत नसेल तर अर्जाचा फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे तारीख-वेळ राहते. आणि निघायच्या आधी त्याच्या ॲपवर आत्ताची वेळ किती दाखवतंय ते तुमच्या मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघा, डीव्हीआरची घड्याळं दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं असतातच, तो फरक दोन्ही अर्जांत लिहा, नाहीतर पोलीस बरोबर वेळेचा तुकडा घेऊन जातील आणि टेम्पो त्यात नसेल.